लाडबोरीत खड्डा का पडला नाही?

आलापल्लीच्या शेकरूच्या झेपेचा हिशेब पुढच्या आठवड्यावर गेला आहे. कारण सिंदेवाही तालुक्यातून आलेला एका वाचकाचा प्रश्न. गोफणीचा दगड जेवढी ऊर्जा घेऊन सुटतो, हवेचा अडथळा धरला नाही तर तेवढीच घेऊन खाली येतो, हा गेल्या हप्त्यातला हिशेब त्यांना पटला. मग लाडबोरीत पडलेली धातूची रिंग अंतराळातून येऊनही गाव शाबूत कसं राहिलं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आभाळातून जळते तुकडे सरकत गेले. लाडबोरीत गावजेवणाची तयारी चालली होती. तेवढ्यात लालभडक काहीतरी मोकळ्या जागेत धाडकन आदळलं आणि स्फोट होईल या भीतीने माणसं घरात पळाली. ती होती धातूची रिंग, सुमारे तीन मीटर व्यासाची, चाळीसेक किलोची. पवनपार गावाकडे धातूचा गोळाही सापडला. हे अवशेष चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं.

शंभर किलोमीटर उंचीवर प्रत्येक किलोमागे स्थितिज ऊर्जा भरते सुमारे दहा लाख ज्यूल. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा तिथला वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर, म्हणजे गतिज ऊर्जा तीन कोटी ज्यूल! एक किलो टीएनटीच्या स्फोटातून निघते त्याच्या सातपट. अंतराळातून पडणाऱ्या वस्तूचा धोका उंचीपेक्षा वेगात जास्त असतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याहून विलक्षण गोष्ट वर घडते. विरळ हवा वस्तूला अडवते आणि तिचा वेग चक्क वाढतो. कक्षा ४०० किलोमीटरवरून २०० वर उतरली, की किलोमागे सुमारे अठरा लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. त्यातली निम्मी हवेला तापवण्यात जाते, उरलेली निम्मी वेगात जमा होते. ७.६७ चा वेग ७.७९ होतो.

खाली दाट हवा लागली की चित्र पालटतं. वस्तूपुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, टप्पा फुटतो, बराचसा भाग जळून जातो. रिंगचा पसारा मोठा आणि वजन त्या मानाने थोडं, त्यामुळे हवेने तिला पुरतं रोखलं. जमिनीजवळ तिचा वेग सेकंदाला पन्नास मीटर धरला, तर चाळीस किलोमागे उरतात पन्नास हजार ज्यूल. मूळच्या एकशे वीस कोटींपैकी एवढेच. बाकी जवळपास सगळी ऊर्जा हवेने घेतली. तरीही कौलारू छप्पर फोडून माणूस मारायला एवढी पुष्कळ होते. रिंग मोकळ्या जागी पडली, हे नशीबच.

लोणारला अंतराळातून आदळलेल्या पाषाणापुढे मात्र हवेचं काही चाललं नाही. वस्तूचा आकार दुप्पट झाला तर हवेला सामोरा येणारा पृष्ठभाग चौपट होतो, वस्तुमान आठपट. तो पाषाण एवढा मोठा होता, की बेसॉल्टमध्ये जवळपास दोन किलोमीटर रुंदीचं विवर पडलं.

शेकरूच्या झेपेत हवेचा वाटा किती आणि शेपटीचा किती, ते पुढच्या आठवड्यात.