लंबगोल मैदान, चौकोनी मैदान आणि सरकारी तिजोरी

होबार्ट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? २८ फेब्रुवारी २०१२ चा तो सामना. श्रीलंकेने ३२० धावा केलेल्या, स्पर्धेत टिकायचं तर भारताला ते लक्ष्य चाळीस षटकांत गाठायचं होतं. विराट कोहलीने ८६ चेंडूंत नाबाद १३३ धावा काढल्या आणि सामना ३७व्या षटकातच संपला. ते मैदान म्हणजे बेलरीव्ह ओव्हल. टास्मानिया राज्याच्या राजधानीतलं, नदीकाठचं, साधारण वीस हजार प्रेक्षकांचं.

आता त्याच होबार्टमध्ये, नदीच्या पलीकडच्या काठावर, मॅक्वारी पॉइंट या जागी नवं स्टेडियम बांधायचं ठरलं आहे. त्यात २३ हजार प्रेक्षक बसतील. म्हणजे जुन्यापेक्षा जेमतेम तीन हजार जास्त. आणि खर्च? अंदाज ११३ कोटी डॉलरपर्यंत गेला आहे. (आज आपण जे जे डॉलर म्हणू ते ऑस्ट्रेलियन.) सगळ्या टास्मानियाची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या एकट्या कोल्हापूर शहरापेक्षा थोडी जास्त. एवढ्याशा राज्याने हा खर्च का मान्य केला, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला मात्र मेलबर्न आणि सिडनी फिरून यावं लागेल.

आधी खेळ समजून घेऊ. ऑस्ट्रेलियात 'फुटबॉल' नावाचे चार व्यावसायिक खेळ आहेत. ऑस्ट्रेलियन रूल्स, ज्याची लीग एएफएल. रग्बी लीग, तिची एनआरएल. रग्बी युनियन. आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो ते सॉकर. मेलबर्नमध्ये कुणी 'फूटी' म्हणालं तर तो ऑस्ट्रेलियन रूल्सबद्दल बोलतोय, आणि सिडनीत म्हणालं तर बहुतेक वेळा रग्बी लीगबद्दल. इयान टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये नकाशावर एक काल्पनिक रेषाच ओढून दाखवली. तिच्या एका बाजूला ऑस्ट्रेलियन रूल्सचा मुलूख, दुसऱ्या बाजूला रग्बीचा. रॉन बरासी या प्रसिद्ध खेळाडूच्या नावावरून तिला बरासी रेषा म्हणतात. टर्नर यांनी हे गमतीत मांडलं होतं, पण नाव आजही चालतं.

या खेळांच्या भांडणाचं मूळ पुष्कळदा निष्ठेत शोधलं जातं. आम्हाला ते भूमितीत जास्त दिसतं. ऑस्ट्रेलियन रूल्सचं मैदान लंबगोल असतं, लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर. क्रिकेटचं मैदानही जवळपास असंच. त्यामुळे उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फूटी हा संसार शंभर वर्षांहून जास्त काळ सुखाने चालला आहे. एमसीजी, ॲडलेड ओव्हल, गॅबा ही आपल्याला पहाटे उठून टीव्हीवर पाहिलेली मैदानं. त्यांना उरलेलं वर्ष फूटी पोसते.

सॉकर आणि दोन्ही रग्बी यांचं मैदान आयताकृती, साधारण शंभर मीटर लांब आणि ६८ ते ७० मीटर रुंद. आता हा आयत लंबगोलात ठेवून बघा. बाजूच्या रेषेपासून पहिल्या रांगेतला प्रेक्षक तीस मीटरांहूनही लांब जातो. समोर कॉर्नर किक चाललीय आणि तुम्ही दुर्बीण शोधताय! उलट लंबगोल खेळ आयताकृती स्टेडियममध्ये मावतच नाही. म्हणजे एक मैदान सगळ्यांना पुरेल ही सोयीची कल्पना कागदावरच राहते. सरकती आसनं बसवून दोन्ही आकार साधायचे प्रयत्न झाले. सिडनीचं ऑलिम्पिक स्टेडियम तसं आहे, मेलबर्नचं डॉकलँड्सही तसंच. पण ही यंत्रणा महाग, वेळखाऊ, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक कुरकुरतात ते कुरकुरतातच.

म्हणून प्रत्येक सरकारपुढे निवड येते. लंबगोल बांधायचं की आयत? आकार ठरला की पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या शहरात कोणत्या खेळाला घर मिळालं तेही ठरतं. आणि बहुतेक वेळा पैसा जनतेचा असतो.

आता मेलबर्न. तिथे एएफएलने एक गोष्ट फार लवकर ओळखली, ती म्हणजे मैदानावरचा हक्क. विक्टोरियाच्या जुन्या लीगने १९७० मध्ये वेव्हर्ली इथे स्वतःचं मैदान उभारलं. पुढे १९९० मध्ये त्या लीगचं नाव एएफएल झालं. २००० साली डॉकलँड्स स्टेडियम उघडलं ते खासगी पैशातून, पण करारात एक कलम होतं: २०२५ मध्ये एएफएलने ३० डॉलर द्यायचे आणि स्टेडियम ताब्यात घ्यायचं. हो, तीसच. तेवढ्यात तिथे जेवणसुद्धा धड होत नाही. एएफएलला तितका धीर धरवला नाही. तिने २०१६ मध्येच मोठी रक्कम मोजून ते विकत घेतलं. २०१८ मध्ये राज्य सरकारशी सौदा झाला: डॉकलँड्सच्या नूतनीकरणाला सरकारकडून २२.५ कोटी डॉलर, आणि बदल्यात एएफएलचा अंतिम सामना २०५७ पर्यंत एमसीजीवरच. जो अंतिम सामना मेलबर्नबाहेर जाईल असं कुणाला फारसं वाटतही नव्हतं, तो न हलवण्याची ही किंमत. आम्हाला हा सौदा या सगळ्या विषयाचा नमुना वाटतो.

मैदान हातात असलं की दुसऱ्या खेळाला कसं थोपवता येतं हे २०१० मध्ये दिसलं. ऑस्ट्रेलियाला २०२२ चा सॉकर विश्वचषक हवा होता. तो जून-जुलैत होणार असं तेव्हा गृहीत होतं, आणि तोच एएफएल-एनआरएलचा ऐन हंगाम. फिफाला स्टेडियम कित्येक आठवडे मोकळं लागतं. एएफएलने साफ सांगितलं, आमचा हंगाम बंद पडणार नाही. गंमत म्हणजे सॉकर संघटनेचे मुख्याधिकारी बेन बकली हे स्वतः नॉर्थ मेलबर्नकडून फूटी खेळलेले आणि एएफएलमध्ये मोठ्या पदावर राहिलेले. शेवटी मे २०१० मध्ये तडजोड झाली: एमसीजी द्यायचं, डॉकलँड्स एएफएलकडे ठेवायचं, नुकसानभरपाई वेगळी. केंद्र सरकारने या दाव्यासाठी सुमारे साडेचार कोटी डॉलर ठेवले होते. डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि ऑस्ट्रेलियाला मिळालं एक मत.

तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये महिलांचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. तोही हिवाळ्यातच. मेलबर्नमधले सामने, अगदी अमेरिका-स्वीडन हा बाद फेरीचा सामनासुद्धा, तीस हजारांच्या आयताकृती स्टेडियमवर झाले. लाखभर प्रेक्षकांचं एमसीजी तिथून हाकेच्या अंतरावर, पण ते फूटीच्या हंगामात अडकलेलं. उपांत्य सामना देशात एक कोटीहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्यानंतर पंतप्रधान अल्बानीज यांनी २० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, पण तो महिला खेळाडूंच्या सोयींसाठी, सगळ्याच खेळांत वाटायचा. सॉकरवाल्यांना हे लागलं. मैदानात गर्दी आम्ही आणली आणि वाटेकरी सगळे, अशी त्यांची तक्रार, आणि आमच्या मते ती रास्त आहे.

सिडनीची तऱ्हा वेगळी. तिथे भांडण लंबगोल-आयताचं कमी, आणि जुनं पाडून नवं बांधावं का याचं जास्त. नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांच्या सरकारने दोन मोठी स्टेडियम पाडून पुन्हा बांधायची योजना आणली. खर्च दोनशे कोटी डॉलरच्या वर. त्यातलं एक, मूर पार्कमधलं, १९८८ साली उघडलेलं. तीस वर्षांत मोडीत! दुसरं २००० च्या ऑलिम्पिकचं, म्हणजे त्याहूनही तरुण. लोक भडकले. विरोधकांनी २०१९ च्या निवडणुकीत प्रचारच केला की आधी शाळा आणि रुग्णालयं, मग स्टेडियम. विरोधी नेते मायकल डेली यांनी तर मैदानाच्या ट्रस्टचं संचालक मंडळ बरखास्त करू असं जाहीर केलं. तरी निवडणूक सरकारच जिंकलं. मूर पार्कचं स्टेडियम पडलं आणि ८२.८ कोटी डॉलर खर्चून २०२२ मध्ये नवं उभं राहिलं. आसनं साडेबेचाळीस हजार, जुन्यापेक्षा थोडी कमीच. ऑलिम्पिक स्टेडियमची योजना आधी नूतनीकरणावर आली आणि कोविड आल्यावर २०२० मध्ये रद्द झाली.

इथे एनआरएलने काय केलं बघा. अंतिम सामना सिडनीत ठेवण्याच्या बदल्यात उपनगरांतल्या छोट्या मैदानांना पैसे मिळतील असं आपल्याला सांगितलं होतं, हे तिचं म्हणणं. २०२२ मध्ये मुख्यमंत्री पेरोटे यांनी पूरग्रस्तांना आधी मदत करायची म्हणून हात आखडता घेतला, तर एनआरएलने अंतिम सामना क्वीन्सलंडला नेण्याची धमकी दिली. सामना शेवटी सिडनीतच झाला. पण पुरात घरं गेलेल्या लोकांशी एका लीगने रांगेत जागेसाठी भांडावं, हे आम्हाला फार खटकलं.

मुंबईकरांना यात थोडी ओळखीची खूण दिसेल. ब्रेबॉर्न असताना, तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब आणि मुंबईच्या संघटनेचं बिनसलं आणि एक किलोमीटरच्या आत वानखेडे उभं राहिलं. फरक एवढाच, की तिथे खेळ एकच होता.

आता टास्मानियाकडे येऊ. या बेटाने फूटीला पिढ्यान्‌पिढ्या मोठे खेळाडू दिले, पण एएफएलमध्ये स्वतःचा संघ मिळाला नाही. उलट राज्य सरकार हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न या मेलबर्नच्या संघांना पैसे देऊन वर्षाला काही सामने लॉन्सेस्टन आणि होबार्टमध्ये खेळवत आलं. दरम्यान एएफएलने स्वतः होऊन गोल्ड कोस्ट आणि पश्चिम सिडनी इथे, म्हणजे बरासी रेषेच्या पलीकडे, नवे संघ काढले. तिथे लोकसंख्या आहे आणि टीव्हीचा बाजार आहे. टास्मानियात फूटीचं प्रेम आधीच होतं, म्हणून तिथे गुंतवायची घाई नव्हती. घरच्या माणसाला शेवटी वाढायचं, तसला प्रकार.

३ मे २०२३ ला अखेर परवाना मिळाला, पण अटीवर: मॅक्वारी पॉइंटला छताचं नवं स्टेडियम हवं. पहिला अंदाज ७१.५ कोटी डॉलर. त्यात राज्याचे ३७.५ कोटी, केंद्राचे २४ कोटी आणि एएफएलचे दीड कोटी. एएफएल दहा वर्षांत संघ आणि राज्यातल्या फूटीसाठी ३६ कोटी देणार आहे, हे सांगायला हवं. पण इमारतीत तिचा वाटा दीड कोटीच. खर्च वाढला की तो वाढीव भार कुणावर, हे यावरून कळतंच.

पुढे तसंच झालं. करार गुप्तपणे केला म्हणून सत्ताधारी पक्षाचे दोन आमदार बाहेर पडले आणि सरकार अल्पमतात गेलं. मुख्यमंत्री जेरेमी रॉकलिफ यांनी राज्याचा हिस्सा ३७.५ कोटींपुढे जाणार नाही असं वचन दिलं, ते टिकलं नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस ग्रूएन यांच्या स्वतंत्र अहवालात लाभ खर्चाच्या निम्म्याहूनही कमी निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या नियोजन आयोगाने हे बांधू नका अशीच शिफारस केली. स्मारकाचा परिसर झाकोळेल म्हणून माजी सैनिकांचा विरोध होता. आणि क्रिकेटवाल्यांनी सांगितलं की स्थिर छताच्या सावल्या खेळपट्टीवर पडतील, तिथे कसोटी सामना कसा घेणार? म्हणजे लंबगोल निवडण्याचा जो मोठा फायदा, क्रिकेटची सोबत, तोच छतामुळे धोक्यात आला.

मग प्रकल्प मोडला का नाही? कारण परवाना आणि स्टेडियम यांची गाठ एएफएलने अशी मारली होती की एक नाकारलं तर दुसरं जातं. संघाचं 'डेव्हिल्स' हे नाव आणि जर्सी आधीच जाहीर झाली होती. दहा डॉलरचं सुरुवातीचं सभासदत्व दोन लाखांहून जास्त वेळा विकलं गेलं. त्यानंतर नाही म्हणणं कुठल्याही मोठ्या पक्षाला परवडणारं नव्हतं. सरकार आणि प्रमुख विरोधी पक्ष दोघेही बाजूने उभे राहिले आणि डिसेंबर २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहानेही मंजुरी दिली. बेलरीव्हवर छत नाही, जागा अपुरी, हे एएफएलचे मुद्दे अगदीच खोटे नाहीत. पण ते मुद्दे पैशाने तपासले जाण्याआधीच अट झाले होते, आमचा आक्षेप तिथे आहे.

डेव्हिल्स २०२८ मध्ये एएफएलमध्ये उतरायचे आहेत. त्याच वर्षी एनआरएलमध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ येतोय, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देणार आहे. तो पैसा क्रीडा खात्याच्या हिशेबापेक्षा पॅसिफिकमधल्या चीनच्या वाढत्या वावराशी जोडलेला आहे. पुढच्या व्याख्यानात पोर्ट मोर्स्बीपासून सुरुवात करू.