फुकटची लाल पेटी

नेटफ्लिक्स इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना एक लाल पेटी फुकट देते. आत चित्रपटांनी भरलेल्या डिस्का. जागा आणि वीज घेणाऱ्याची. धंद्यात फुकट कोणी काही देत नाही, तेव्हा हिशेब पाहायला हवा.

एक चित्रपट हजार घरांत पाहिला गेला, तर तो मूळ सर्व्हरवरून हजार वेळा निघणार. वाटेतल्या मोठ्या नेटवर्कचं भाडंही मोठं गमतीशीर. दर पाच मिनिटांनी वाहतुकीची नोंद घ्यायची, महिनाअखेर सर्वांत वरच्या पाच टक्के नोंदी, म्हणजे सुमारे ३६ तास, सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतल्या सर्वोच्च आकड्यावर बिल काढायचं. थोडक्यात, माल किती गेला याला महत्त्व नाही; गर्दीच्या वेळी रस्ता किती रुंद लागला, त्याचे पैसे. रोज रात्री तीन तास सगळे पडद्यापुढे बसले की महिन्याचं बिल तिथेच ठरलं. पहाटे तोच रस्ता ओस, पण पैसे भरलेले!

लाल पेटी या ओस वेळेवरच जगते. उद्या कुठे काय पाहतील याचा अंदाज बांधून चित्रपट आदल्या रात्रीच तिच्यात भरले जातात. संध्याकाळी ते प्रेक्षकाच्या जवळूनच निघतात आणि दोन्ही कंपन्यांचं भाडं वाचतं.

युक्ती जुनीच. एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाय काढली ती याच धंद्यासाठी. नेटफ्लिक्सही आधी अकामाय, लाइमलाइट, लेव्हल थ्री या कंपन्यांचं गिऱ्हाईक होतं; २०१२ मध्ये नेटफ्लिक्सने या लाल पेट्यांचं स्वतःचं जाळं, ओपन कनेक्ट, जाहीर केलं. सर्वांत मोठं गिऱ्हाईकच असं दुकान थाटू लागलं, तर दर कसे टिकणार? लाइमलाइटची पुढे एजिओ झाली आणि २०२४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. अकामाय आज डेटा पोचवण्यापेक्षा सुरक्षा विकून जास्त कमावते.

अमेरिकेतल्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीपुढे मात्र पेटीचं काही चाललं नाही. तिच्या ग्राहकांपर्यंत जाणारी शेवटची तार तिच्याच हातात, म्हणून २०१४ मध्ये थेट जोडणीसाठी नेटफ्लिक्सला पैसे मोजावे लागले. भारतातली दूरसंचार कंपन्यांची संघटना, सीओएआय, असेच पैसे नेटफ्लिक्ससारख्या बड्या कंपन्यांकडे मागते आहे. मला ही मागणी पटत नाही. त्या तारेचे पैसे ग्राहक रिचार्ज करतानाच भरून मोकळा झालेला असतो.