रोज नाही पीत, पण गटारीला सोडत नाहीत…



आषाढ संपत आला. आखाडाची जेवणं झाली, आता अमावस्या. खरं तर ही दीप अमावस्या, म्हणजे समया-निरांजनं घासून-पुसून पूजायचा दिवस. पण गावात विचारलं तर निम्म्या लोकांना ती 'गटारी' म्हणूनच ठाऊक. उद्यापासून श्रावण पाळायचा, म्हणून महिनाभराचं आजच भरून घ्यायचं, असा हिशेब.

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत दारूचा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "आमचे हे काही बेवडे नाहीत. रोज कुठं पितात? गटारी, पोळा, धुळवड आणि लगीनसराई. तेवढंच." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मीही आधी असंच समजायचे. रोज पिणारा तो दारूडा, सणासुदीला पिणारा तो हौशी. पण शरीराला हौस कळत नाही. त्याला एका वेळी किती आत गेली एवढंच कळतं.

आधी हिशेब बघू, हिशेबात आपण पक्क्या आहोत. क्वार्टर म्हणजे 180 मिली. विदेशी दारूच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे त्या क्वार्टरमध्ये शुद्ध मद्यार्क सुमारे 77 मिली, वजनात 60 ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा जास्त मद्यार्क घेण्याला 'अति पिणं' म्हणते. म्हणजे एक क्वार्टर संपली की माणूस त्या रेषेवर पोचला. "बियरच तर आहे" असं म्हणतात, पण 8 टक्क्यांची स्ट्राँग बियरची मोठी बाटली, 650 मिलीची, तिच्यात 40 ग्रॅम भरतात. दीड बाटलीत तीच गत. हातभट्टीत किती मद्यार्क असतो हे तर पाडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता ही दारू बाहेर कशी पडते? काम यकृताचं, आणि यकृताचा वेग ठरलेला. तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम. तुम्ही लिंबू पाजा, ताक पाजा, डोक्यावर घागर ओता, काळा चहा द्या, तो वेग वाढत नाही. एका क्वार्टरला सहा ते आठ तास लागतात. दोन क्वार्टर असतील तर बारा तासांच्या वर. रात्री दहाला उठलेला माणूस सकाळी सातला मोटारसायकल काढून दुधाचे कॅन घालायला निघतो तेव्हा तोंडाचा वास गेलेला असतो, दारू गेलेली नसते. मटणावर ताव मारला की चढत नाही असंही सांगतात. पोटात अन्न असलं तर दारू रक्तात हळू उतरते, एवढंच. जायची तितकी जातेच.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. शेवटचा ग्लास खाली ठेवल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. म्हणून "आता झोपला, आता उतरेल" हे खरं नसतं. झोपल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने ती आणखी चढलेली असू शकते. सगळ्यात जास्त धोका याच वेळात असतो आणि आपण नेमक्या याच वेळी पोरांना घेऊन दुसऱ्या खोलीत दार लावून झोपतो. कंटाळा आलेला असतो, राग आलेला असतो. त्यात तुमची चूक नाही.

दारू मेंदूला गुंगी आणते. आधी विचार मंदावतो, मग तोल जातो, मग बोलणं अडखळतं. मात्रा अजून वाढली की मेंदूचा जो भाग श्वास चालू ठेवतो तोही मंद होतो. घशात काही अडकलं तर आपल्याला ठसका लागतो ना, तो ठसकाही बंद पडतो. अशा वेळी माणूस उताणा पडलेला असेल आणि उलटी झाली, तर ती थेट श्वासनलिकेत जाते. दारू पिऊन रात्रीतून गेलेल्या माणसाबद्दल "झोपेतच अटॅक आला" असं गावात म्हणतात. त्यातले काही उलटीने गुदमरून गेलेले असतात. कुशीवर असते तर वाचले असते.

मग झोप कोणती आणि बेशुद्धी कोणती, कसं ओळखायचं? नावाने मोठ्यांदा हाक मारा, खांदा हलवा, कानाची पाळी किंवा दंड जोरात चिमटा. शिवी देऊन का होईना पण हलला, डोळे उघडले, तर झोप आहे. काहीच हालचाल नाही तर ती बेशुद्धी. मोबाईलवर वेळ लावून छातीची वरखाली मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची खोट, ओठ-नखं निळसर, अंग गार आणि चिकट, झटके, झोपेतच उलटी, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन लावायचा. सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नाही. घुरघुर, गुळण्या केल्यासारखं घोरणं हेही चांगलं चिन्ह नव्हे. जीभ मागे पडून वाट अडली असेल.

बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ती छातीत जायची भीती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नका, पाणीसुद्धा नाही. गार पाण्याने अंघोळ घालू नका, दारूने अंगातली ऊब आधीच बाहेर पडत असते आणि बाहेर पाऊस चालू असतो. घोंगडी घाला. अंगणात, पारावर पडून राहू देऊ नका.

साखरेचा मुद्दा फार कुणाला माहीत नसतो. यकृत दारूच्या मागे लागलं की साखर तयार करायचं काम बाजूला पडतं. दिवसभर उपाशी, कामावरून थेट बैठकीला, अशा माणसाची साखर एकदम खाली येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जास्तच. घाम, थरथर, भ्रमिष्टासारखं बोलणं ही लक्षणं, आणि ती हुबेहूब दारू चढल्यासारखी दिसतात. जागा असेल, गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. नसेल तर थेट दवाखाना.

डोक्याच्या माराचंही तसंच. गाडीवरून पडला, पायरीवर आपटला, उठून घरी आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक म्हणतात, "अजून उतरली नाही." वरचा हिशेब लावा. एका क्वार्टरला आठ तास. दुपारपर्यंत उतरली नाही म्हणजे ती दारू नाही, कवटीच्या आत रक्त साचत असण्याची शक्यता आहे. वारंवार उलटी, एक बाहुली मोठी आणि एक लहान, एका बाजूचा हात-पाय ढिला, असं दिसलं तर वेळ घालवू नका.

बाकीही आहे. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत निघणारी, वाकल्याशिवाय सहन न होणारी कळ म्हणजे स्वादुपिंडाला सूज आल्याची खूण असू शकते. ॲसिडिटीची गोळी देऊन घरी ठेवायचं दुखणं नव्हे ते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तरी तेच. हृदयाचंही सांगते. एरवी धडधाकट माणसाचे ठोके एका रात्रीच्या पिण्याने वेडेवाकडे पडू शकतात. सुट्टी-सणानंतर असे रोगी येतात म्हणून डॉक्टर त्याला 'हॉलिडे हार्ट' म्हणतात. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्या यकृतावर आधीच भार टाकतात, वरून दारू म्हणजे दुहेरी मार. झोपेच्या गोळीबरोबर दारू घेतली तर श्वासच मंदावतो.

आपल्यातही पिणाऱ्या बहिणी आहेत, हे बैठकीत कुणी बोलत नाही. मोहाची, ताडी, कुठे कुठे ती रीतच आहे. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूचा तिला त्रास जास्त होतो. पोटुशी बाईसाठी तर थेंबभरही सुरक्षित नाही.

हातभट्टीचं वेगळं सांगावं लागतं, कारण तिथे प्रश्न किती पिली एवढाच नसतो. 2015 च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ते विष म्हणजे मिथेनॉल. कारखान्यात वापरायचं. पिताना दारूसारखंच लागतं. माणूस रात्री नेहमीसारखा झोपतो, सकाळी उठून चहा पितो, आणि मग बारा ते चोवीस तासांनी पोटात दुखायला लागतं, उलट्या होतात, धाप लागते आणि डोळ्यांसमोर धुकं येतं. "नजर अंधुक झाली" हे शब्द ऐकले की क्षणभरही थांबू नका. लवकर पोचलं तर दवाखान्यात त्यावर उतारा आहे, डायलिसिस करता येतं. उशीर झाला तर दृष्टी जाते, नाहीतर जीव. आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर कोण कोण बसलं होतं त्यांच्याही घरी लगेच निरोप धाडा. त्यांना अजून काही झालं नसलं तरी.

आता दोन गोष्टी अशा, ज्या आपण बायकाच चांगल्या मनाने करतो.

पहिली, पावडर. "न सांगता दारू सोडवा", चहात घाला, भाजीत घाला, अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाईलवर असतात. गटातून कर्ज काढून ती मागवलेली मी पाहिली आहे. आत काय आहे ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. काही ठिकाणी डायसल्फिरम नावाचं औषध असं चोरून दिलं जातं. हे खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पिणाऱ्याला सांगून, तपासून, त्याची कबुली घेऊन. कारण ते पोटात असताना दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, बीपी कोसळतं. त्यात माणूस दगावूही शकतो. ज्याला माहीतच नाही तो गटारीला क्वार्टर लावणारच ना! घरात अशी पावडर असेल तर बंद करा, आणि दिली असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. लाजू नका.

दुसरी गोष्ट रोज भरपूर पिणाऱ्यांची. आपण गावात मोर्चा काढतो, उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान लावतो, दुकान बंद पाडतो. चांगलंच करतो. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तुटली, की पुढच्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, कुणाकुणाला फीट येते, भिंतीवर किडे-साप दिसायला लागतात. गावात म्हणतात बाहेरचं झालं, आणि भगताकडे नेतात. ते बाहेरचं नाही, दारू तुटल्याचा आजार आहे, आणि त्यात जीव जाऊ शकतो. चार-सहा दिवस दवाखान्यात औषधं आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेऊन दारू नीट सोडवता येते. बंदी करताना आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवून ठेवा. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी 14446.

गटारीच्या दिवशी घरात काय करायचं, तर फवारणीचं औषध कुलपात. प्यायलेल्या माणसाला रागाच्या भरात पुढचं दिसत नाही, आणि डबा हाताशी असतो. गाडीची चावी आधीच लपवा. नशेत असताना भांडण काढू नका, जाब दुसऱ्या दिवशी विचारा. हात उगारला तर पोरांना घेऊन शेजारी जा, 112 किंवा 181 लावा. दवाखान्यात जाताना रिकामी बाटली बरोबर घ्या आणि किती, कधी, कुठली हे खरं सांगा. पैसे नाहीत म्हणून थांबू नका, 108 फुकट आहे. पुढच्या खर्चासाठी ग्रामसंघाकडे जोखीम निधी असेल तर त्याचा ठराव आधीच करून ठेवा, रात्री दोनला सह्या गोळा करत बसायला लागू नये.

आणि पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. एकीला सतरंजीवर उताणी झोपवा. तिच्या उजव्या बाजूला बसा. तिचा उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर पसरा. डाव्या हाताचा पंजा तिच्या उजव्या गालाखाली धरून ठेवा. डावा गुडघा वर दुमडा आणि तो गुडघा आपल्याकडे ओढा, माणूस आपोआप कुशीवर येतो. तोंड जरा खाली झुकवा, म्हणजे उलटी बाहेर पडेल. वर दुमडलेला गुडघा जमिनीला टेकवा, म्हणजे परत उताणा होणार नाही. ताकद लागत नाही, अंगाने बारीक बाईलाही जमतं. प्रत्येकीने एकदा करून बघा.