पहिलीतली ‘मातृभाषा’ नेमकी कोणाची?

२०३२ साली जी बॅच आपल्या कॉलेजात फर्स्ट इयरला येईल, ती जून २०२० मध्ये पहिलीत गेली होती. ‘गेली होती’ म्हणजे नुसते रजिस्टरमध्ये नाव! शाळा बंदच होत्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. तोवर या मुलांची पहिली संपून दुसरीही अर्धी सरली होती. नेटवर्क नाही, घरात एकच मोबाईल आणि भावंडे तीन, हे सगळे तेव्हा आपण भरपूर ऐकले. मला लिहायचे आहे ते भाषेबद्दल. त्याविषयी मी तरी फारसे काही ऐकले नाही.

आपला यवतमाळ जिल्हा मराठी, असे आपण धरून चालतो. पण झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या बाजूला कोलामांचे पोड आहेत. (पोड म्हणजे कोलामांची वस्ती, हे बाहेरगावच्या होस्टेलवाल्यांसाठी.) कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, म्हणजे तेलुगू आणि गोंडीची नातेवाईक. पाण्याला ‘ईर’, विस्तवाला ‘किस’, घराला ‘एल्ला’. मराठीशी काही जुळते का बघा! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ही भाषा सांगणारे सुमारे १.२८ लाख लोक होते. दुसरीकडे पुसद, दिग्रस, दारव्हा या भागात तांडे आहेत आणि तांड्यावर गोरमाटी चालते. ती राजस्थानी बोलींच्या जवळची. जनगणनेत ती ‘लमाणी’ या नावाने हिंदीच्या पोटात टाकली जाते, ३२ लाखांवर बोलणारे असूनसुद्धा. म्हणजे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गहुलीतली बोली कागदावर हिंदी! असो.

आता पोडावरचे सहा वर्षांचे पोर पहिलीत येते तेव्हा काय होते? आपल्याला वाटते, त्याला वाचता येत नाही म्हणून ते मागे. खरे तर त्याला आधी ऐकू आलेलेच कळत नसते. पुस्तकात ‘तो, ती, ते’ असते. कोलामीत एकवचनात पुरुष एका गटात, आणि बाई, बैल, झाड, दगड सगळे दुसऱ्या गटात. दोनच खाने! त्यामुळे ‘ती’ आणि ‘ते’ यांतला फरक या मुलाने कधी केलेलाच नसतो. ते चुकले की आपण म्हणतो, भाषा अशुद्ध आहे. ते अशुद्ध वगैरे काही नसते, त्याच्या घरच्या व्याकरणाप्रमाणे ते बरोबर बोलत असते.

गंमत म्हणजे एका ठिकाणी कोलामी मराठीला फार जवळची आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. कोलामीतही तोच भेद. मराठीत तो द्रविड भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले (विदर्भात कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात बाप्पा!), तिथे दोन्हीला एकच शब्द, ‘वी’. पोडावरच्या मुलाला जे घरबसल्या येते ते इंग्रजीतून मला मांडताच येत नाही.

ही मुले मराठी शिकतात ती पुस्तकातून नाही, कानांनी. अंगणवाडीत, शाळेच्या पटांगणात, खिचडीच्या रांगेत, ताई-सरांच्या तोंडाकडे बघून. कोरोनाने नेमकी हीच जागा बंद केली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम आला, दीक्षा ॲप आले, सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागायची. प्रयत्न चांगलेच होते. पण ज्याच्या घरी मराठी आहे त्याचा फक्त धडा बुडाला. कोलाम आणि बंजारा मुलांची धड्याची भाषाच बुडाली. आपल्या भाषेत सांगायचे तर ट्रान्समीटर सुरू होता, रिसीव्हर वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर.

माझी रूम पार्टनर पुसदकडच्या तांड्यावरची. तेव्हा ती स्वतः दहावीत होती आणि धाकटा भाऊ पहिलीत. रोज रात्री ती त्याला मराठी पुस्तक गोरमाटीत समजावून सांगायची, आणि मगच मराठी वाक्य म्हणून घ्यायची. आज तो वर्गात चांगला चालतो. ज्यांच्या घरी अशी ताई नव्हती त्यांचे काय?

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. घटनेचे कलम ३५० क, शिक्षण हक्क कायदा २००९ आणि नेमके लॉकडाऊनच्या काळात, २९ जुलै २०२० ला मंजूर झालेले नवे शैक्षणिक धोरण, तिन्ही ठिकाणी प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून असे लिहिले आहे (‘शक्यतो’ या शब्दासकट). पण महाराष्ट्रात मातृभाषा म्हटले की सगळे गृहीत धरतात, मराठी. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून केवढे रान पेटले! २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. पहिलीच्या मुलावर तीन भाषांचे ओझे नको, हा मुद्दा मला पटला. पण कोलामाच्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा, आणि २००० सालापासून पहिलीत असलेली इंग्रजी तिसरी. हिंदी त्याला चौथी झाली असती. तीन भाषांचे ओझे ते आजच वाहते आहे, त्यासाठी मोर्चा कोणी काढायचा?

हे जमणारच नाही असेही नाही. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांत पहिलीचे वर्ग सुरू केले: आधी घरची भाषा, मग हळूहळू ओडिया. आपल्या शेजारी गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. मान्यता नाही म्हणून तिला शिक्षण खात्याशी झगडावे लागले. मला विचाराल तर अख्खी शाळा कोलामीतून हवी असा माझा हट्ट नाही. पहिली-दुसरीत वर्गात कोलामी कळणारे एक माणूस हवे, पोडावरचेच, बारावी झालेले, आणि त्याला पगार हवा.

आपल्या हातात काय? रासेयोचे शिबिर दरवर्षी होते. आपण नाली खोदतो, भिंतीवर घोषवाक्ये रंगवतो, तीही मराठीतच! या वर्षी शिबिर पोडावर घेता येईल. तिथल्या आज्या-आजोबांना विचारून पहिलीच्या पुस्तकातल्या शब्दांना कोलामी शब्द लिहून घ्यायचे, देवनागरीत, आणि उच्चार मोबाईलवर रेकॉर्ड करायचे. वाक्येही घ्यायची, नुसत्या शब्दांनी ‘ती’ आणि ‘ते’चा घोळ सुटत नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचे इंटरनेटशिवाय चालणारे साधे ॲप करावे, आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाल्या रेकॉर्डिंग सांभाळू. प्रिंट काढून शाळेतही द्यायची, कारण तिथे नेटवर्क अजूनही टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावे. कोलामी किंवा गोंडी येणारे कोणी आपल्यात असेल तर त्यांचे नाव सगळ्यात आधी हवे आहे.