आदानसाधनांची निष्क्रियता, युनिक्सच्या चित्रमय प्रणालीतील

युनिक्स किंवा तत्सदृश परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर खिडक्या व चित्रे दिसत असूनही कळफलक, माऊस किंवा स्पर्शफलक यांना प्रतिसाद मिळेनासा होण्याची अवस्था. अशा वेळी संगणक ‘गोठला’ असे समजून वीज तोडण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा संगणकाचे अंतर्गत काम अखंड चालू असते. वापरणाऱ्याचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचविणारी साखळी तेवढी कोठेतरी तुटलेली असते. वीज तोडल्यास जतन न केलेले लेखन जातेच, शिवाय तबकडीवर लिहावयाची राहिलेली माहिती अर्धवट राहून फाइल-व्यवस्थेला इजा पोहोचू शकते. म्हणून कोणता दुवा निखळला आहे, हे आधी ठरविणे इष्ट असते.

कळ दाबली की कळफलकातील मंडल तिचा सांकेतिक क्रमांक धाडते. परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, चालक कार्यक्रमाच्या साहाय्याने त्याचे घटनेत रूपांतर करतो. लिनक्समध्ये ही घटना ‘डेव्ह’ निर्देशिकेतील ‘इनपुट’ या उपनिर्देशिकेत असलेल्या साधन-फाइलीतून वाचता येते. ती वाचून कोणत्या खिडकीकडे पाठवावयाची, हे ठरविण्याचे काम चित्रमय सर्व्हर करतो. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या व १९८७ मध्ये अकराव्या आवृत्तीस पोहोचलेल्या एक्स विंडो प्रणालीत पडदा, कळफलक व माऊस या तिन्हींवर सर्व्हरचा ताबा असतो. उपयोजने ही त्याची ग्राहक असून ती दुसऱ्या संगणकावरही चालू असू शकतात.

बिघाडाचे स्थान लक्षणांवरून बरेचसे ओळखता येते. माऊसचा बाण हलतो, परंतु टिचकीचा परिणाम होत नाही, असे असल्यास साधन, चालक व सर्व्हर हे तिन्ही ठीक असावेत, असा निष्कर्ष निघतो. कारण बाण हलविण्याचे काम सर्व्हरच करतो. दोष मग ग्राहकाकडे असतो. एक्सच्या नियमांप्रमाणे एखादा ग्राहक कळफलकाचा वा माऊसचा एकट्यासाठी ताबा घेऊ शकतो. यादी उघडताना किंवा पडदा कुलूपबंद करताना हे आवश्यकच असते. मात्र ताबा घेतलेला कार्यक्रम मध्येच अडकला, तर इतर सर्व खिडक्या बहिऱ्या होतात. एक्सच्या रचनेतील हे एक जुने वैगुण्य म्हणावे लागेल. बाणही हलत नसेल, तर कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा बदलतो का ते पहावे. दिवा सर्व्हरच्या नियंत्रणाखाली असल्याने तो बदलला तर सर्व्हर जिवंत असतो.

कधी साधन मुळीच निष्क्रिय नसते. अपंगांच्या सोयीसाठी एक्सच्या कळफलक-विस्तारात ‘मंद कळा’ ही योजना आहे. ती उपलब्ध असलेल्या प्रणालीवर शिफ्टची कळ सुमारे आठ सेकंद धरून ठेवली, की यापुढे प्रत्येक कळ काही काळ दाबून ठेवल्याशिवाय तिची दखल घेतली जात नाही. नेहमीच्या वेगाने टंकलेखन करणाऱ्याला कळफलक बंद पडला असेच वाटते. पुन्हा तितकाच वेळ शिफ्ट दाबल्यास पूर्वस्थिती येते. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी वापरणाऱ्यांनाही असाच चकवा बसतो. मांडणी मराठीवर राहिली असता रोमन अक्षरांतील परवलीचा शब्द नाकारला जातो, आणि दोष कळफलकाच्या माथी येतो.

प्रणालीच्या सुधारणेनंतर दोन्ही साधने एकदम निकामी झाली, तर यांत्रिक बिघाडाची शंका घेण्याचे कारण नसते. २००९ च्या आरंभी फ्रीबीएसडी या प्रणालीवर एक्सची ७.४ ही आवृत्ती आली, तेव्हाचा अनुभव बोधप्रद आहे. नव्या सर्व्हरने साधनांची नावे संरचना-फाइलीतून घेण्याऐवजी हाल नावाच्या पार्श्वसेवेकडून मागविण्यास प्रारंभ केला होता. ती सेवा चालू नसल्यास सर्व्हरला एकही साधन सापडत नसे व फाइलीतील जुन्या नोंदींकडे तो दुर्लक्ष करी. अक्षरी पडद्यावर उत्तम चालणारा कळफलक चित्रमय पडदा उघडताच मूक होई. पार्श्वसेवा सुरू करणे, किंवा साधने आपोआप जोडण्याचा पर्याय बंद करणे, हे त्यावरचे उपाय होते. लिनक्सवर २०१० मधील १.८ या सर्व्हर आवृत्तीपासून हे काम यूडेव्हकडे आले. सर्व्हर नवा व आदान-चालक जुना राहिल्यास त्यांच्या जोडणीचे मानक जुळत नाही आणि चालक भरलाच जात नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत दुहेरी ‘ई’ या खुणेने दिलेल्या ओळींत याचा स्पष्ट उल्लेख सापडतो. ही नोंदवही न वाचता चालक पुन:पुन्हा बसवीत राहणे हा निव्वळ कालापव्यय होय.

साधन-फाइली वाचण्याची मुभा सामान्य वापरकर्त्याला सहसा नसते. तशी असती तर कोणताही कार्यक्रम सर्वांचे परवलीचे शब्द टिपू शकला असता. सत्र व्यवस्थापक ही मुभा सर्व्हरला मिळवून देतो. सत्राची नोंद बिघडल्यास साधने ठाकठीक असूनही सर्व्हरला ती उघडता येत नाहीत. येथे ‘ईव्हीटेस्ट’ हा कार्यक्रम निर्णायक ठरतो. तो गाभ्याकडून आलेल्या घटना थेट दाखवितो. त्यात घटना उमटल्या, परंतु ‘एक्सइनपुट’च्या यादीत साधन नसले, तर दोष सर्व्हरच्या बाजूला असतो. ईव्हीटेस्टमध्येही काही उमटले नाही, तर तार, खोबण, यूएसबीची वीजबचत किंवा गाभ्यातील चालक तपासावा लागतो.

सुटकेचा पहिला मार्ग म्हणजे कंट्रोल व ऑल्ट यांच्यासह एखादी कार्य-कळ दाबून आभासी अक्षरी पडद्यावर जाणे व तेथून अडकलेला कार्यक्रम थांबविणे. त्यामुळे बाकीचे काम शाबूत राहते. खुद्द सर्व्हरच अडकला असेल तर हा मार्ग बंद होतो, कारण पडदा सोडून देण्याचे काम त्यालाच करावे लागते. मग जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून, तशी व्यवस्था आधी केलेली असल्यास, प्रवेश करता येतो. तेही अशक्य असल्यास लिनक्समध्ये ऑल्ट व सिस्टिम रिक्वेस्ट या कळांसह ‘आर’ दाबल्यास गाभा कळफलक सर्व्हरकडून परत घेतो. त्यांच्याच जोडीने क्रमाने ‘एस’, ‘यू’ व ‘बी’ दाबल्यास माहिती तबकडीवर लिहिली जाते, फाइल-व्यवस्था केवळ वाचनयोग्य होते व संगणक नव्याने सुरू होतो. काही लिनक्स वितरणांत या सोयीवर मर्यादा घातलेल्या असतात.

क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभिलेल्या वेलँड या योजनेत ग्राहकाला साऱ्या कळफलकाचा परस्पर ताबा घेता येत नाही. त्यामुळे वर वर्णिलेला एक दोष मुळातच टळतो. तथापि तेथे खिडक्यांची मांडणी व आदान ही दोन्ही कामे एकाच कार्यक्रमाकडे असतात. तो कोसळल्यास पडदा व कळफलक एकाच वेळी जातात आणि त्याबरोबर त्या सत्रातील बहुतेक उपयोजनेही बंद पडतात.