इंग्रजीत चूक सांगायची कशी? गप्प बसणं हा उपाय नाही

माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, नंतर इंजिनिअरिंग. मागच्या वर्षी तिला चार जणांच्या टीमची प्रमुख केलं, तेव्हा घरात मिठाई वाटली होती. काही महिन्यांनी एका रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला. "खाला, माझ्यामुळे एका मुलाची नोकरी जाईल असं वाटतंय."

झालं असं होतं. तिच्या टीममध्ये केरळचा एक नवीन मुलगा होता. हिला मल्याळम येत नाही, त्याला मराठी-हिंदी येत नाही. दोघांमध्ये बोलायची भाषा एकच, इंग्रजी. मुलगा कष्टाळू, पण काम न तपासता पुढे पाठवायचा. हिला चूक दिसायची, पण सांगणार कशी? मराठीत नीट समजावलं असतं, उर्दूत अदबीने सांगितलं असतं. इंग्रजीत तोंड उघडलं की एकतर हुकूम सोडल्यासारखं व्हायचं, नाहीतर स्वतःच माफी मागितल्यासारखं. म्हणून ती रात्री जागून त्याच्या चुका स्वतःच दुरुस्त करत बसली. त्याने विचारलं की "गुड, गुड" म्हणायची. प्रोबेशन संपत आलं, मॅनेजरने कामाचा हिशेब काढला आणि सगळं बाहेर आलं. मुलगा तिला एवढंच म्हणाला, "व्हाय डिड नोबडी टेल मी?" मला कोणीच का नाही सांगितलं?

हा प्रश्न एकट्या माझ्या भाचीचा नाही. आपली मुलं-मुली उर्दू किंवा मराठी शाळेतून शिकून पुण्याला, बेंगळुरूला, हैदराबादला जातात. कोकणातले कितीतरी जण दुबई, दोहा, कुवेतमध्ये सुपरवायझर आहेत. हाताखाली कोणी फिलिपिन्सचा, कोणी नेपाळचा, कोणी इजिप्तचा. इंग्रजी ही तिथे बहुतेकांची मातृभाषा नसते, तरी काम इंग्रजीतच चालतं. नोकरी मिळवण्यापुरतं इंग्रजी आपण शिकवतो. दुसऱ्याची चूक त्याला न दुखवता सांगण्याचं इंग्रजी कोणी शिकवत नाही.

अडतं कुठे?

लोकांना वाटतं, शब्द कमी पडतात. मला भाषा शिकवताना वेगळंच दिसतं. शब्द असतात, नरमाई हरवते.

मराठीत आपण "बघ", "बघ ना", "जरा बघतोस का", "बघशील का" असं एकच काम चार तऱ्हांनी सांगतो. उर्दूत देखो, देखिए, देखिएगा आहे, शिवाय तू, तुम आणि आप. म्हणजे आपली नरमाई क्रियापदाच्या शेपटीत, "जरा" आणि "ना" मध्ये, आणि सर्वनामात असते. इंग्रजीत सर्वांना एकच "यू". तिथला आदर कुड, वुड, माइट अशा छोट्या शब्दांत आणि वाक्य प्रश्नासारखं करण्यात असतो. आपण मनातल्या मनात भाषांतर करतो तेव्हा अर्थ पलीकडे पोचतो आणि "जरा" अलीकडेच राहतं. "आज फाइल पाठवतोस का जरा" याचं "सेंड मी द फाइल टुडे" होतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण साधंच बोललो. ऐकणाऱ्याला वाटतं झापलं.

मग कोणी सांगतं, तुझी भाषा कडक आहे. लगेच आपण दुसऱ्या टोकाला जातो. "सॉरी टू डिस्टर्ब, इफ यू डोंट माइंड, जस्ट अ स्मॉल थिंग..." एवढी प्रस्तावना झाली की मुद्दा त्यातच बुडतो. समोरचा समजतो, काही विशेष नाही.

हे शब्द जपून वापरा

"व्हाय डिड यू..." ने सुरू होणारा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो. त्याऐवजी "वॉट हॅपन्ड हिअर?" म्हणा. इथे काय झालं, एवढंच विचारलं जातं आणि माणूस खरं सांगतो.

"यू ऑल्वेज" आणि "यू नेव्हर" टाळा. दहापैकी सात वेळा चुकलेला माणूस उरलेल्या तीन वेळांची आठवण करून देतो आणि बोलणं भांडणावर जातं.

"आय हॅव अ डाउट" हे आपण "मला एक शंका आहे" या अर्थाने म्हणतो. भारतात ते चालून जातं. परदेशी सहकाऱ्याला मात्र त्यात संशय ऐकू येऊ शकतो. "आय हॅव अ क्वेश्चन" म्हटलं की काम भागतं.

"अॅज आय टोल्ड यू" म्हणजे मी सांगितलं होतं ना, हा टोमणाच. वाक्यातून काढून टाका, अर्थ काहीच कमी होत नाही.

बी.एड.ला शिकलेली गोष्ट

बी.एड. करताना आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली. आपल्याकडे तिचं ठरलेलं चक्र आहे. ६ मिनिटं पाठ घ्यायचा, ६ मिनिटं अभिप्राय ऐकायचा, १२ मिनिटं नव्याने तयारी, पुन्हा ६ मिनिटं पाठ आणि पुन्हा ६ मिनिटं अभिप्राय. एकूण ३६ मिनिटं. निरीक्षण करणाऱ्याने एकाच कौशल्याकडे बघायचं आणि जे दिसलं तेवढंच सांगायचं. "तुम्हाला शिकवता येत नाही" असं म्हणायला बंदी होती. "प्रश्न विचारल्यावर तुम्ही उत्तरासाठी थांबला नाहीत" असं म्हणायचं. पहिल्याच दिवशी मला हेच वाक्य ऐकावं लागलं होतं. चेहरा पडला माझा, पण पुढच्या ६ मिनिटांत मी थांबले.

दुसऱ्यांदा पाठ घ्यायला मिळतो, म्हणून त्या अभिप्रायाला किंमत असते. ती संधी नसेल तर तो अभिप्राय राहत नाही, निकाल होतो. केरळच्या त्या मुलाला थेट निकालच मिळाला.

तीन वाक्यांचा साचा

अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप' या प्रशिक्षण संस्थेने एक सोपी रीत रूढ केली आहे. आधी प्रसंग, मग वर्तन, मग परिणाम. कमी इंग्रजी येणाऱ्याला ती फारच सोयीची, कारण तिला साधा भूतकाळ पुरतो. भाचीला मी हेच लिहून दिलं.

प्रसंग: "इन येस्टरडेज रिपोर्ट..." कालच्या रिपोर्टमध्ये.

वर्तन: "टू टेबल्स हॅड ओल्ड नंबर्स." दोन तक्त्यांत जुने आकडे होते.

परिणाम: "द क्लायंट फाउंड इट बिफोर वी डिड." आपल्याआधी क्लायंटच्या ते लक्षात आलं.

त्यानंतर एक प्रश्न, "वॉट हॅपन्ड?" आणि गप्प बसायचं. त्याला बोलू द्यायचं. कदाचित त्याला जुनीच फाइल मिळाली असेल. शेवटी पुढचं पाऊल, "नेक्स्ट टाइम, कुड यू चेक द डेट बिफोर यू सेंड इट?" पुढच्या वेळी पाठवण्याआधी तारीख तपासशील का?

या वाक्यांत एकही कठीण शब्द नाही. "केअरलेस", "लेझी" असे शिक्केही नाहीत. चुकलं ते सांगितलं, माणसाच्या स्वभावावर बोट ठेवलं नाही.

बोलण्याआधी आणि बोलल्यावर

आधी आपल्या भाषेत लिहून काढा. मनातला राग त्या कागदावरच उतरू द्या. मग त्यातले तीन मुद्दे इंग्रजीत मांडा आणि मोठ्याने दोनदा म्हणा. घरात कोणी असेल तर त्याला ऐकवा. इंग्रजी येत नसलेल्या आईलासुद्धा आवाज चढला की कळतं.

चारचौघांत किंवा ग्रुपवर सांगू नका. मेसेजमध्ये लहजा ऐकू येत नाही, म्हणून अवघड गोष्ट आधी समोर बसून किंवा फोनवर बोला. नंतर काय ठरलं ते दोन ओळींत लिहून पाठवा. समोरच्यालाही इंग्रजी पहिली भाषा नसेल तर त्या दोन ओळी त्याच्या फार उपयोगाच्या असतात.

सुरुवातीला एकदाच सांगून टाका, "इंग्लिश इज नॉट माय फर्स्ट लँग्वेज. इफ समथिंग साउंड्स हार्श, प्लीज टेल मी." यात कमीपणा काही नाही. पण दर वाक्याला "सॉरी फॉर माय इंग्लिश" म्हणू नका. त्याने लक्ष कामावरून तुमच्या व्याकरणावर जातं.

"अंडरस्टँड?" विचारलं की सगळे हो म्हणतात. वर्गात पण असंच होतं. त्यापेक्षा "वॉट विल यू डू फर्स्ट?" असं विचारा. उत्तरावरून कळतं, पोचलं की नाही.

खोटी स्तुती करू नका. आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक, असा सल्ला पुष्कळ जण देतात. पण इंग्रजी दोघांचंही बेताचं असेल तर ऐकणारा कौतुकच घेऊन घरी जातो. चांगलं काम झालं असेल तर त्याच दिवशी वेगळं सांगा.

समोरचा कुठला आहे हेही बघा. फ्रान्समधल्या इन्सिआड संस्थेत शिकवणाऱ्या एरिन मेयर यांनी २०१४ च्या 'द कल्चर मॅप' या पुस्तकात हा फरक मांडला आहे. नेदरलँड्स, जर्मनीचे लोक टीका ठळक शब्दांत करतात. ब्रिटिश माणूस मोठी अडचणसुद्धा "अ बिट" म्हणून सांगतो. तेव्हा डच माणसाशी बोलताना "स्मॉल प्रॉब्लेम" म्हणाल तर तो ती लहानच समजेल. आणि ब्रिटिश साहेब "अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम" म्हणाला तर तुम्ही ती लहान समजू नका.

घरातून सुरुवात

एक गोष्ट पालकांना, आणि मलाही, सांगायची आहे. आपल्या घरात चूक सांगायच्या दोनच पद्धती दिसतात. ओरडणं, नाहीतर अबोला. मोठ्यांना काही सांगायचं म्हणजे तर गुस्ताखीच. जे मूल घरात "अब्बा, तुम्ही काल सगळ्यांसमोर बोललात त्याचं मला वाईट वाटलं" एवढं शांतपणे सांगू शकत नाही, ते ऑफिसात परक्या भाषेत कसं सांगेल? हे इंग्रजीच्या तासाला येणार नाही. जेवताना, दस्तरखानवर येईल.

भाचीने दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सगळं सांगितलं. मी वेळेवर बोलले नाही, ही माझी चूक, असंही सांगितलं. मुलाचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. आता दर आठवड्याला दोघं पंधरा मिनिटं बसतात. परवा फोनवर म्हणाली, "खाला, काल त्याने मला सांगितलं की मी फार भरभर बोलते."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"थँक यू म्हणाले. हळूहळू म्हणाले."