सोपं कॅरेक्टर म्हणजे कच्चं कॅरेक्टर?

लातूरला क्लासेससाठी आलेली पोरं असोत की नांदेडच्या श्यामनगरातली, ऑनलाइन गेमची ओळख बहुधा फोनवरच होते आणि शिकवणारा असतो रूममेट. ‘सोपं कॅरेक्टर नूब लोकांचं, खेळायचं तर अवघड घे,’ हा सल्लाही त्याच्याकडूनच फुकट मिळतो. सल्ला ठसक्यात दिलेला असला, तरी चुकीचा आहे.

मुळात कॅरेक्टरमुळे खेळ बदलतो, हेच अनेकांना उशिरा कळतं. बीजीएमआय या फोनवरच्या गेमच्या क्लासिक मॅचमध्ये शंभर जण सारखेच रिकाम्या हातांनी उतरतात. कपडे वेगळे, ताकद तीच. पुढे कोण घुसणार, लांबून कोण मारणार, हे स्क्वॉड आपसात ठरवतं. तिथून फ्री फायर मॅक्सकडे वळलेल्याला कॅरेक्टर म्हणजे नवा पोशाख वाटतो. तिथे मात्र कॅरेक्टरसोबत स्किल येतं. हृतिक रोशनवर बेतलेला, 2020 मध्ये आलेला जय घ्या: शत्रू पाडला की बंदुकीत काही गोळ्या आपोआप भरल्या जातात. वेगळं बटण नाही, वेळ साधायची कटकट नाही. नव्या खेळाडूने अशा आपोआप चालणाऱ्या स्किलपासून सुरुवात केली, तर त्याचं लक्ष नेमबाजीवर राहतं.

‘फुकट मिळालेलं कॅरेक्टर सोपंच असणार’ हा दुसरा समज. संगणकावरच्या व्हॅलोरंटमध्ये सुरुवातीलाच पाच एजंट, म्हणजे तिथली कॅरेक्टर, खुले असतात: ब्रिमस्टोन, जेट, फिनिक्स, सेज आणि सोव्हा. पाचही एकाच माळेचे मणी नव्हेत. ब्रिमस्टोन हातावरचा नकाशा उघडतो, हव्या त्या जागांवर बोट ठेवतो आणि तिथे धूर पडतो. सोव्हाचा टेहळणीचा बाण मात्र किती ताणायचा, कोणत्या भिंतीवरून किती वेळा उसळवायचा, हे प्रत्येक नकाशासाठी पाठ करावं लागतं. तरीही ब्रिमस्टोनला दुय्यम म्हणता येत नाही. नेमक्या क्षणी वाट बंद करणारा धूर संघाला मुरलेल्या खेळाडूंच्या सामन्यातही लागतोच.

मग सोपं करायचं म्हणजे पर्याय छाटायचे का? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने ते करून पाहिलं. 2012 मध्ये टॅलेंटची, म्हणजे कॅरेक्टरची कौशल्यं निवडण्याची, लांबलचक झाडं काढून प्रत्येक क्लासला (कॅरेक्टरच्या प्रकाराला) फक्त सहा निवडी ठेवल्या, दर निवडीला तीन पर्याय. जुन्या खेळाडूंना आपलं कॅरेक्टर घडवण्यातली मजा गेल्यासारखी वाटली. अखेर 2022 मध्ये झाडं नव्या रूपात परत आली. 2025 मध्ये कंपनीने वेगळी वाट धरली: पुढचा वार कोणता, हे गेमच सुचवतो आणि हवं तर एकाच बटणावर सगळे वार ओळीने होतात. त्या सोयीची किंमत म्हणून दोन वारांमध्ये किंचित जास्त वेळ जातो. सरावलेला खेळाडू पुढेच राहतो, नवखा निदान उभा राहतो. (ही तोड 2012 मध्येच सुचली असती, तर बरीच आदळआपट वाचली असती.)

बटणं न घटवताही काम होतं. 2007 च्या टीम फोर्ट्रेस 2 मध्ये नऊ क्लास आहेत, पण प्रत्येकाची आकृती मुद्दाम इतकी वेगळी घडवली आहे, की लांबून नुसती सावली दिसली तरी धिप्पाड हेवी आणि सडपातळ स्काउट यांत गल्लत होत नाही. समोरचा कोण, हे कळलं की पळायचं की भिडायचं, हेही ठरतं. फोनच्या पडद्यावर, जिथे अर्धी जागा अंगठ्यांनीच व्यापलेली असते, तिथे तर अशी ओळख पटणं जास्तच मोलाचं.